अखजीच्या दिवशीचं तिसरं जेवण

माझ्या अंगात दोनच गुण आहेत, असं आमच्या घरच्या बायका म्हणतात. एक, मी गोष्ट सांगायला बसलो की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं कोणाला सुचत नाही. दोन, मला कोणीही, केव्हाही, कितीही वाढलं तरी मी नाही म्हणत नाही. पहिल्या गुणामुळे डाळ करपते आणि दुसऱ्यामुळे ती करपलेली डाळ संपते. एकूण घराचं नुकसान काही नाही.

या दुसऱ्या गुणावर माझी थोडी प्रतिष्ठा उभी आहे. ती अमरावतीत नाही, मी राहतो तिथं मला कोणी विचारत नाही. ती अकोल्यात आहे, माझ्या ताईच्या कॉलनीत, आणि वर्षातून एकच दिवस चालते. अखजीच्या दिवशी मी तिथं पितर म्हणून बसतो.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. पुरणपोळी, आंब्याचा रस, कढी, वडे, कुरड्या असा सगळा स्वयंपाक होतो आणि एका जित्याजागत्या माणसाला त्या गेलेल्याच्या जागी बसवून जेवू घालतात. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात. तो पाटावर आहे तोवर तो गेलेला माणूसच. कोणाचा सासरा, कोणाचा आजा. ताईच्या कॉलनीत याचे दोन नियम आहेत. पितरानं पाटावर बसल्यावर बोलायचं नाही, आणि पानात काही टाकायचं नाही. जेवण झालं की तो उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहतो, घरातलं कोणीतरी त्याला त्याच्या नेहमीच्या नात्यानं हाक मारतं, आणि मग तो पुन्हा तो होतो.

दुसरा नियम मला कधीच जड गेला नाही. पहिला पाळताना जीव कासावीस होतो. बायको तेवढ्यासाठी मला अमरावतीच्या बसस्टँडवर स्वतः सोडायला येते. म्हणते, "जा. कुठंतरी गप्प बसा."

पूर्वी पितरांची टंचाई नव्हती. आता कॉलनीतली पोरं पुण्याला गेली, आणि जी म्हातारी माणसं उरली त्यांची साखर पुरणाकडे पाहिल्यावरच वाढते. म्हणून माझ्यासारख्याला भाव. ताईच्या फोनवर आठवडाभर आधीपासून विचारणा होते, "तुमचा भाऊ येऊन राहिला न?" एका वर्षी मी सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत चार घरचे चार मेलेले लोक झालो होतो, आणि संध्याकाळी ताईकडे स्वतःच्या नात्यानं पुन्हा थोडा जेवलो.

माझी भाची, ताईची एकुलती एक पोरगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कादंबऱ्या लिहिते. एक नाही, तीन, एकीला दुसरी जोडलेल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींनी वाचायच्या. "मामा, डिस्टोपियन सीरीज आहे," असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "जेवणाआधी घ्यायची का नंतर?" मला ते पोटाचं औषध वाटलं. मग तिनं समजावलं. पुढच्या काळातलं असं एक जग, जे पार बिघडलेलं आहे, पण तिथल्या लोकांना ते बिघडलेलं वाटतच नाही.

तिचं जग वऱ्हाडातच आहे. काळी माती आहे, ऊन आहे, गावाला नाव नाही. तिथं दरवर्षी ठरलेल्या दिवशी प्रत्येक घरानं एका जिवंत माणसाचं पान मांडायचं. जो जड झाला, ज्याच्याशी पटेना, किंवा ज्याची वाट पाहून कंटाळा आला, त्याचं. पान मांडलं, कोणीतरी त्याच्या नावानं जेवलं, की तो माणूस गेला. जात कुठंच नाही. रस्त्यानं फिरतो, दारं वाजवतो. पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही, पाणी विचारत नाही. नायिका सोळा वर्षांची आहे आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात तिची आई तिचं पान मांडते.

मी म्हणालो, "हे असलं तुले सुचते कुठून?"

"तुला पाहून."

"मले?"

"तू जेवत होता. समोरच्या आजी तुला 'अहो' म्हणून राहिल्या होत्या अन् तू मान हलवून राहिला होता. मला लय भ्या वाटलं होतं, मामा. मी सहावीत होते."

पुण्याच्या एका प्रकाशकांना तिन्ही पुस्तकं आवडली. पण त्यांचं म्हणणं, मालिका यायच्या आधी वाचकांच्या हातात द्यायला एक छोटी गोष्ट पाहिजे. तिला प्रीक्वेल म्हणतात, म्हणजे गोष्टीच्या आधीची गोष्ट. त्यात एवढंच सांगायचं की हे सगळं सुरू कसं झालं. जिवंत माणसाचं पहिलं पान मांडलं कोणी?

आता घरात गोष्टी सांगणारा माणूस मी. ती मलाच विचारणार. मी तिला एका आठवड्यात नऊ सुरुवाती दिल्या. एकीत दुष्ट राजा होता, एकीत आकाशातून धूळ पडत होती, एकीत लोकांच्या मेंदूत यंत्र बसवलं होतं. एकीत मी तेल्हाऱ्याजवळ एक भूकंपही घडवून आणला.

"मामा, हे सगळं पिच्चरमधलं झालं," ती म्हणाली. "खरं वाटलं पाहिजे. आपल्या गल्लीत घडल्यासारखं."

मी म्हणालो, "आपल्या गल्लीत काय घडते? आपल्या गल्लीत नळ येते."

हे गेल्या वर्षीच्या अखजीच्या महिनाभर आधीचं बोलणं.

ताईच्या घराला लागून एक काकू राहतात. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. भाचीला बाराखडी त्यांनीच शिकवली. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला. एक मुलगा होता. होता म्हणायचं की आहे म्हणायचं, हाच सगळा प्रश्न होता. नऊ वर्षांपूर्वी मायलेकांचं काहीतरी वाजलं, तो पाठीवर बॅग टाकून बाहेर पडला आणि परत आला नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. जिवंत असल्याची खूण नाही आणि मेल्याची बातमी नाही. पोलिसांत कळवून झालं, नातेवाइकांनी जिथं जिथं शोधायचं तिथं शोधून झालं.

अकोल्याची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला पुढचं समजणार नाही. बारा वाजले की कॉलनी मरते. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती, आणि प्रत्येक घराच्या पाठीला लावलेला कूलर घुमत असतो. रस्त्यावर कुत्रं नाही. त्या सगळ्या बंद गल्लीत एकच दार सताड उघडं असायचं, काकूंचं. आतून अंधार दिसायचा आणि अंधारात बसलेल्या काकूंची पांढरी साडी. रोज दोन माणसांचा स्वयंपाक. मुलगा दुपारी गेला होता, म्हणून तो दुपारीच येईल, असं त्यांचं गणित. झळा घरात शिरायच्या, काकूंना दोनदा ऊन लागलं, सलाईन लावावं लागलं. ताई ओरडायची, "काकू, दार लोटून घ्या न! तो आला त वाजवीनच." काकू म्हणायच्या, "नाई वाजवणार. लहानपणापासून नाई वाजवत. दार बंद दिसलं की वापस जाते."

भाची दुपारी त्यांच्याकडे जाऊन आपली कादंबरी वाचून दाखवायची. काकू शुद्धलेखन सुधारायच्या आणि ऐकायच्या. एकदा मी पण तिथं होतो. वाचन संपलं आणि काकूंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुया पुस्तकातल्या बाया लय निवांत असतात वं. पान मांडलं अन् झोपल्या."

"काकू, त्या वाईट आहेत," भाची म्हणाली. "तेच तर भयंकर आहे न!"

"हो का," काकू म्हणाल्या. "मले त्याहीचा हेवा वाटला."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी लिंबूसरबत पीत होतो. मी पीत राहिलो.

अखजीच्या दिवशी माझी दोन घरं ठरलेली होती. पहिलं कोपऱ्यावरचं. तिथं मी एका बाईंचा सासरा झालो. ती सून वाढता वाढता मला हळूच म्हणाली, "मामंजी, तुमची आरामखुर्ची मीच भंगारात देली. राग धरू नका." मी मान हलवली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असं होतं. लोक पितराशी जे बोलतात ते जित्या माणसाशी बोलत नाहीत. दुसऱ्या घरी मी एका रिटायर झालेल्या भाऊसाहेबांचा थोरला भाऊ होतो. ते फक्त माझ्या पोळीवर तूप ओतत राहिले, मी हातानं खुणावलं तरी थांबले नाहीत.

बाहेर आलो तेव्हा पाऊण वाजला होता. डोक्यावर ओला रुमाल, पोटात सात पोळ्या. ताईच्या फाटकापाशी पोचलो तर शेजारच्या उघड्या दारातून काकूंनी हाक मारली.

"भाऊ, थकले का?"

"छ्या! अजून एक घर सहज होईल," मी म्हणालो. मला गप्पच बसता येत नाही, ते असं.

"मग बसता का आमच्या इकडे?"

इथं माझी चूक झाली, आणि ती आमच्याच लोकांकडून होऊ शकते अशी होती. पितराला बोलावणं आलं की कोणाच्या नावानं, ते विचारायचं नसतं. विचारलं तर घरच्यांना वाईट वाटतं. शिवाय काकूंचा नवरा वारलेला आहे, हे मला माहीत होतं. त्यांनी आजवर कधी पितर बसवलं नव्हतं, हेही माहीत होतं. पण ही दुसरी गोष्ट मला जेवण झाल्यावर आठवली.

काकूंनी पाय धुतले. गार पाणी होतं. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, घागर होती, डांगर होतं. स्वयंपाक इतका निगुतीनं केला होता की दोन घरं जेवलेल्या माणसालाही पुन्हा भूक लागावी. मी पहिली पोळी मोडली. रसात बुडवली. तोंडात घातली.

काकू समोर बसल्या, वारा घालायला हातात पंखा घेतला आणि म्हणाल्या, "हळू जेव बाळा. ठसका लागते तुले."

मला वाटलं, काकूंचं वय झालं. नवऱ्याला कोणी बाळा म्हणत नाही. मी मान खाली घालून दुसरा घास घेतला. मग वर पाहिलं. घागरीशेजारी दुसऱ्या पाटावर फोटो ठेवला होता, त्यात काकूंचा नवरा नव्हता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, कोपरा दुमडलेला, कपाळावर केस आलेल्या पोराचा फोटो होता. हार नव्हता. हार तिथं बाजूलाच, केळीच्या पानात बांधून ठेवला होता. माझं जेवण झाल्यावर घालायचा असणार.

त्याच वेळी लाइट गेली.

सगळ्या गल्लीतले कूलर एकदम थांबले. तो आवाज आपण ऐकत होतो हेच तो थांबल्यावर कळतं. अशी शांतता पसरली की मला माझ्या तोंडातला घास चावल्याचा आवाज ऐकू आला. दारातून पांढरं ऊन आत आलेलं, आणि त्या उन्हात भाची उभी. ताईनं तिला कुरड्या द्यायला पाठवलं होतं. तिनं फोटो पाहिला, घागर पाहिली, मला पाहिलं. तिच्या लगेच लक्षात आलं. तिनंच तर लिहिलं होतं ते.

"काकू," ती म्हणाली, "हे काय करून राहिल्या तुमी? दादा जिवंत आहे."

"असन," काकू म्हणाल्या. आवाज एकदम साधा, वर्गात फळा पुसताना बोलावं तसा. "मी कुठं नाई म्हणते? पण मले आता दार लावाचं हाय पोरी. नऊ उन्हाळे झाले."

"पण असं... असं कोणी करत नाही!"

"तुया पुस्तकात करतात."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ऊठ, असं. अगदी स्पष्ट.

मी उठू शकलो असतो. निदान बोलू तरी शकलो असतो. एक शब्द बोललो असतो तरी पितर मोडलं असतं आणि सगळं फुकट गेलं असतं. मी, जो लग्नात, मयतीत, रेल्वेच्या डब्यात, दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं ठेवूनसुद्धा बोलतो, त्या माझ्या तोंडून तेव्हा काही निघालं नाही. तोंडात पोळी होती हे खरं. पण कारण ते नव्हतं. काकू मला वारा घालत होत्या आणि त्यांचा चेहरा इतका थकलेला होता की मला वाटलं, जाऊ दे, म्हातारीला एक दिवस झोप लागेल. अर्धं पान उरलं होतं. मी ते संपवलं. वडे, कढी, शेवटची कुरडईसुद्धा. भाची दारातून निघून गेली होती.

मी उंबऱ्याबाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. काकूंनी आतून हाक मारली, "या भाऊ, पाणी प्या." मी पाणी प्यालो. त्यांनी माझा रिकामा पेला घेतला, हसल्या, आणि मी पायरी उतरल्यावर माझ्या मागे दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला असेल. लाइट अजून आली नव्हती.

काकू संध्याकाळी सहापर्यंत झोपल्या. ताई दोनदा दाराला कान लावून आली.

त्यानंतर त्या सुधारत गेल्या, हे मला नमूद केलंच पाहिजे. अंगावर थोडं मांस आलं. एका माणसाचा स्वयंपाक करू लागल्या. दुपारी दार बंद. भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, दिवसांत कॉलनीतल्या पोरींना गाणी शिकवली, खिरापत ओळखायला डबा हलवून दाखवताना खळखळून हसत होत्या. आणि कॉलनी आपोआप बदलली. कोणी ठरवलं नाही, पण त्या मुलाबद्दल जो तो "हुशार होता", "आईवर गेलता" असं बोलू लागला. ताईच्या तोंडूनही एकदा निघालं. तिचं तिलाच कळलं नाही.

भाचीनं चार दिवसांत प्रीक्वेल लिहून काढली. मला वाचायला दिली तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. त्यात राजा नव्हता, यंत्र नव्हतं. एक चांगली बाई होती, तिला झोप येत नव्हती. आणि एक लठ्ठ, प्रेमळ, घाबरट माणूस होता, जो जेवत राहिला. प्रकाशकांचं पत्र आलं की गोष्ट सुरेख आहे, फक्त एवढ्या साध्या गोष्टीनं सगळं जग बदलेल हे वाचकाला पटणार नाही.

पावसाळ्यात मला पहिला फोन आला. कोपऱ्यावरच्या बाईंचा, ज्यांचा मी सासरा झालो होतो.

"भाऊ, पुढच्या अखजीले आमच्या घरी दोनदा बसाल का? एकदा मामंजीसाठी, अन् एकदा..." मग त्यांनी आवाज उतरवला. त्यांची एक मुलगी होती. स्वतःच्या मनानं लग्न करून नाशकाला राहते. मी तिला ओळखत होतो. मागच्याच महिन्यात तिचा व्हॉट्सअॅपवर मला वाढदिवसाचा निरोप आला होता.

मी विचारलं, "वहिनी, पोरगी खुशाल हाय न?"

"खुशाल हाय हो. पण आमचा जीव अडकून राहते न. काकू पाहा कशा मोकळ्या झाल्या."

दिवाळीपर्यंत असे तीन फोन झाले. तूप ओतणाऱ्या भाऊसाहेबांचाही. त्यांना एक धाकटा भाऊ होता, जिवंत, बाळापूरला. प्रत्येकाचा सूर तोच होता, जरा लाजरा आणि मग आशेनं भरलेला. मी तिघांनाही "पाहू" म्हणालो. नाही म्हणायची मला सवय नाही, हे वर आलंच आहे. फोन ठेवल्यावर मात्र आठ-दहा दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोनं डॉक्टरकडे नेलं.

आणि दिवाळीनंतरच्या एका दुपारी ताईचा फोन आला. आधी ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "तो आला."

मी मिळेल त्या बसनं अकोल्याला पोचलो. तो ताईच्या पुढच्या खोलीत बसला होता. कपाळावरचे केस गेले होते. शेजारी भाची, पांढरी पडलेली. त्यानं सांगितलं ते इतकं साधं होतं की त्याचाच संताप यावा. आधी राग होता. मग लाज वाटायला लागली. मग वर्षंच इतकी झाली की फोन करून काय बोलायचं ते सुचेना.

"मी आलो तर दार बंद होतं," तो म्हणाला. "परत फिरणार होतो. मग वाजवलं. पहिल्यांदा वाजवलं. आईनं उघडलं. मला पाहिलं. अन् म्हणाली, 'कोण पाहिजे तुमाले?'"

आम्ही काकूंना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. काकूंना सगळं आठवत होतं. वार, तिथी, शाळेतल्या पोरांची आडनावं, माझ्या ताईच्या लग्नात मी पंगतीत केलेला विक्रम, मुलगा कोणत्या दुपारी गेला ते, त्याच्या अंगावरचा शर्ट. "आणि तो आता कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "तो गेला न. अखजीले जेवून गेला." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "यायले विचारा. हे होते."

मुलगा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मी काय सांगणार? पान मांडायची रीत आमच्याकडे आहे, पान उचलायची नाही.

भाचीनं प्रकाशकांना कळवून गोष्ट परत मागवली. मालिका अडली आहे. मी एकदा तिला म्हटलं, "दुसरी सुरुवात देऊ का? भूकंपाची?" ती हसली नाही. पण बऱ्याच महिन्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. कोपऱ्यावरच्या बाईंना, भाऊसाहेबांना आणि त्या तिसऱ्यांना मी स्वतः घरोघर जाऊन नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तीन वेळा नाही म्हणालो. तिसऱ्या घरी तर समोर चहा-चिवडा होता. भाऊसाहेब म्हणाले, "तुमी नाई त दुसरं कोणी भेटन." भेटेलही.

मुलगा आता अकोल्यातच आहे. दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आहे. काकूंकडे रोज दुपारी जेवायला जातो. काकूंनीच बोलावलं त्याला. एकटा माणूस, परगावचा, बाहेरचं खाते, हे त्यांना पाहवत नाही. परवा मी गेलो होतो तर त्यांनी मलाही बसवलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी. काकू वाढत होत्या, मला "भाऊ" आणि त्याला "तुमी". त्याच्या भाजीत मिरची कमी होती. त्याला पहिल्यापासून तिखट चालत नाही. त्याची पोळी त्यांनी चार तुकडे करून वाढली, लहान पोराला देतात तशी. तो खाली मान घालून जेवत होता. एकदा त्याला ठसका लागला. काकू झटकन उठल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हात तिथंच ठेवून विचारलं,

"तुमची आई कुठं असते?"

त्यानं पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "अकोल्यातच असते."

"मंग भेटत जा तिले," काकू म्हणाल्या. "एकटीच असन न."

आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.